एकोणीस जणांचं एकच बीपी

गावाचं नाव सांगत नाही. केनवडच्या पुढं डांबर जिथं संपतं, तिथून दीड किलोमीटर आत आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर कोणीतरी फाईल घेऊन येईल आणि आमच्या दुर्गाबाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तिला सांगायला फार आवडतं, भीती तीच आहे.

दुर्गाबाई आमच्या गावची आशा आणि माझी थोरली जाऊ. मी रंगू, अंगणवाडीची सेविका. एका घरात दोन जावा आणि दोघीही सरकारी कामावर, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. गरोदर बाई आधी तिच्या वहीत की माझ्या, यावरून आमच्यात अबोला झालेला आहे. तिच्या हातावर फोन माझ्या आधी सहा महिने आला, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. म्हणून मी तिचं जे सांगेन त्यातलं थोडं मीठ-मिरची माझ्या पदरचं समजा. पण एक गोष्ट बिनमसाल्याची सांगते. तीन महिने या बाईचा जीव धोक्यात होता, आणि तो धोका एकोणीस दुसऱ्याच माणसांच्या नावावर चढलेला होता. हे घरात फक्त मला कळू शकत होतं.

ती मूळची मेडशीची. नववीतून लग्न करून आली. दोन लेकरं झाल्यावर, सासूबाईंशी भांडून, दहावीची परीक्षा दिली आणि पास झाल्यावर गुणपत्रिका सासूबाईंनाच वाचून दाखवली, त्यांना वाचता येत नव्हतं तरी. आशा झाली तेव्हा गावात धड रस्ता नव्हता. बाळंतीण अडली की बैलगाडी जुंपायची आणि हिनं पुढं कंदील धरून चालायचं. आता हातात फोन आला. फोनवर दर बुधवारी डॉक्टरीण दिसते, विचारते, गोळी लिहून देते, आणि गोळी दुर्गाबाईच्या पिशवीतून निघते. रिसोडला जीपमध्ये कोंबून जायचं, दिवस बुडवायचा, हे कितीतरी घरांचं वाचलं. हे मी जाऊ असूनही कबूल करते.

तिची आई मेडशीला भाकरी थापता थापता कलंडली ती उठलीच नाही. बावन्न वर्षांची होती. आयुष्यात एकदाही कोणी तिचं बीपी मोजलं नव्हतं. दुर्गाबाई आता एक्कावन्न वर्षांची आहे. म्हणून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं काम आलं, तेव्हा ती ते नुसतं काम म्हणून करत नव्हती. तिला कोणाच्याच चुलीपुढं कोणी कलंडायला नको होतं.

मशीन आलं ते फोनला आपोआप जोडलं जाणारं. फोनवर माणसाच्या नावाचं पान उघडायचं, दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. पट्टा फुगतो, सुटतो आणि आकडा थेट त्या पानावर जाऊन बसतो. हातानं लिहायची सोय नाही. सरकारनं विचार केला असेल की अशानं कोणी खोटं लिहिणार नाही. सरकारला आमची दुर्गाबाई ठाऊक नव्हती. ज्याचं माप राहिलं त्याचं नाव फोनवर लाल दिसायचं, आणि लाल नाव दिसलं की हिला घास गिळत नसे.

पहिलं लाल नाव उकंडरावचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा बुढा, आमच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ. दुर्गाबाई त्याच्या ओट्यावर गेली, मी पोषण आहाराच्या पाकिटांसाठी शेजारीच होते, त्यामुळं सगळं कानांनी ऐकलं.

"मामाजी, हात द्या."

"कायले?"

"बीपी पाहा लागते."

"सुनेनं सासऱ्याचा दंड धराचा? लोकं काय म्हनतीन?"

"मी नाई धरत, पट्टा धरते."

"पट्टा कोन बांधते? तूच न."

यात बुढ्याचं चूक नव्हतं. दुर्गाबाई या गावची लेक नाही, सून आहे. गावातला प्रत्येक म्हातारा तिचा सासरा आणि प्रत्येक पिकल्या मिशीचा माणूस तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांचे दंड उघडे करून पट्टे आवळायचे, हे काम ज्यानं काढलं त्यानं गावात सून होऊन पाहायला हवं होतं.

बुढ्याची भीड मोडावी म्हणून दुर्गाबाईनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. "हे पाहा. फुगलं. आता सुटते. मले काई झालं का?" मशीन वाजलं. फोनवर पान उघडं होतं उकंडरावचं. आकडा जाऊन बसला उकंडरावच्या नावावर, आणि त्याचं लाल नाव हिरवं झालं.

"झालं न माह्यं?" बुढा म्हणाला. "मंग जाय आता."

तिनं ते पुसायची खटपट केली. पण फोन पुसू देईना, एकदा गेलं ते गेलं. घरी येऊन तिनं मला विचारलं, मी म्हटलं राहू द्या बाई, हिरवं झालं ना. खरं सांगायचं तर पाप तिथं सुरू झालं आणि त्यात माझा आठ आणे वाटा होता.

मग कस्तुराबाई. तिच्या डाव्या दंडावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं, आणि मशीन डाव्याच दंडाला लावायचं असं प्रशिक्षणात सांगितलेलं. कस्तुराबाई म्हणाली, त्याच्या नावावर पट्टा आवळला तर तिकडं त्याचा गळा आवळल्यावानी होईल. नवरा मरून अकरा वर्षं झाली होती. तिचंही माप दुर्गाबाईच्या दंडानं दिलं. मग तांड्यावरचा लालसिंग. त्याचं म्हणणं, एकदा नाव फोनात गेलं की जन्माची गोळी लागते, त्याच्या साडूला तशीच लागली. असे करत करत एकोणीस जण झाले. कोणी लाजरे, कोणी हट्टी, कोणी नुसतेच आळशी.

दुसऱ्या महिन्यात मी तिला रंगेहाथ पाहिलं. मागच्या पडवीत मांडी घालून बसली होती, दंडाला पट्टा, मांडीवर फोन. "हं, आता मामाजी," म्हणाली आणि बटण दाबण्याआधी उकंडरावसारखी दोनदा खाकरली. कस्तुराबाईच्या वेळी पट्टा काढून उजव्या दंडाला बांधला, गोंदणाचा मान राखायचा म्हणून. लालसिंग आला तेव्हा मला म्हणाली, "रंगू, चाय आन. तो चाय घेतल्याबिगर कुठंच बसत नाई."

मी चहा आणला. हसून हसून माझं पोट दुखलं. एकोणीस माणसं एका बसणीत उरकली, तिचा दंड लाल झाला. त्या दिवशी वरचा आकडा एकशे बावन्न होता. पहिल्या महिन्यात एकशे चौतीस होता.

आता इथं दुर्गाबाईचं डोकं कसं चालतं ते समजून घ्या, नाहीतर तुम्ही तिला मूर्ख समजाल आणि ती तशी नाही. वीस वर्षं सरकारी कामात राहिलं की माणसाला एक सवय लागते, कागदावर ज्याचं नाव त्याचंच दुखणं. तिनं फोनवर पाहिलं, उकंडराव एकशे बावन्न. ती खरोखर काळजीत पडली. तडक त्याच्या घरी गेली.

"मामाजी, तुमचं बीपी वाढून राह्यलं. लोनचं बंद. ठेचा बंद. मिठाची चिमटी वरून घ्याची नाई."

"मले तं काई होत नाई."

"बीपीचं तसंच असते. सांगत नाई."

बुढ्यानं दंड दिला नव्हता, पण फोनला तो भ्यायचा. महिनाभर अळणी भाजी खाल्ली. सून वाढायला आली की ताटाकडं बघून उसासा टाकायचा. मी हे ओट्यावरून बघायचे आणि पदर तोंडात धरायचे.

याच दिवसांत दुर्गाबाई कपाळाला फडकं आवळून बांधू लागली. उन्हानं होते म्हणाली. पायरी चढताना भिंत धरायची. चष्म्याचा नंबर वाढला असंल म्हणाली. मी अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायांच्या कार्डावर एकशे चाळीस दिसलं की आम्ही धावतो. मला हे सगळं जोडता येत नव्हतं असं नाही. तिचं स्वतःचं नाव फोनवर होतं का, तर तेही नव्हतं. सगळ्या गावाचं झाल्यावर शेवटी आपलं टाकू, म्हणून तिनं आपलं घरच मागं ठेवलं होतं.

बुधवारी फोनवर दिसायची ती डॉक्टरीण म्हणजे धम्मदीपा मॅडम. रिसोडकडची पोरगी, तिशीही उलटली नसेल, आवाज मऊ आणि नजर पोलिसाची. तिच्या लक्षात आलं की या गावात चौऱ्याहत्तर वर्षांचा बुढा, चाळिशीची बाई आणि तांड्यावरचा लालसिंग यांचे आकडे तोलून मापून सारखे येतात. तिला वाटलं मशीन बिघडलं. तिनं नवं मशीन पाठवलं. नव्या मशीननं तिसऱ्या महिन्यात एकोणीसच्या एकोणीस जणांना एकशे ब्याऐंशीच्या आसपास नेऊन ठेवलं, आणि मग मात्र गावावर आभाळ कोसळलं.

आकडा एवढा वर गेला की त्या माणसाच्या घरच्या फोनवर एक बाई आपोआप बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एकोणीस घरांत ती बोलली. आपला रक्तदाब धोकादायक पातळीवर आहे, आराम करा, ताबडतोब दवाखान्याशी संपर्क साधा. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्या पोरांना पुण्याला, सुरतेला बोलली. लालसिंगचा पोरगा बादल तिकडं कामावर रडायला लागला आणि त्यानं तांड्यावर सात जणांना फोन लावले. उकंडराव सकाळी वखर बांधून शेतात निघाला होता. फोन ऐकला आणि खाटेवर पडला. म्हणाला, हात बधिर झाला. कोणता, विचारलं तर आधी डावा म्हणाला, मग उजवा. लालसिंगला गरगरायला लागलं. कस्तुराबाईनं देवाघरी गेलेल्या नवऱ्याला सांगून टाकलं की मी येऊन राह्यले. ज्यांनी जन्मात पट्टा बांधला नव्हता, त्या एकोणीसही जणांना तासाभरात बीपी झालं.

दुर्गाबाई पांढरी पडली. मला म्हणाली, "एवढ्या लोकाले एकदम कसं काय झालं असंल?"

तिला खरंच कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

दुपारी धम्मदीपा मॅडम जीप घेऊन स्वतः आली. विहारात सतरंज्या टाकल्या. आता कोणी भीड धरली नाही. उकंडरावनं सदऱ्याची बाही पार खांद्यापर्यंत वर केली. कस्तुराबाईनं गोंदलेला दंड पुढं केला. मॅडमनं एकोणीस जणांना आपल्या हातानं पट्टा बांधला आणि एकोणीस आकडे कागदावर लिहिले. लालसिंगचं आणि आणखी दोघांचं थोडं जास्त होतं. बाकी सोळा ठणठणीत. उकंडरावचं तर पोराटोरासारखं होतं, महिनाभर अळणी खाल्लं होतं ना.

मॅडमनं कागद खाली ठेवला. "काल एकशे ब्याऐंशी, आज एकशे बावीस. सोळा लोक रातून बरे झाले, असं मी वर कळवू का?" मग शांतपणे विचारलं, "मागच्या तीन महिन्यांत मशीन तुमच्याच हाताले लावलं होतं न?"

आणि मग सगळ्यांना एकदमच उमगलं. कोणी दुर्गाबाईकडं पाहिलं नाही. न पाहण्यातूनच कळलं की उमगलं. हिचं काम जाणार होतं. ज्या बाईनं गावातली निम्मी पोरं आपल्या हातात झेलली होती, तिचं काम त्यांच्या हट्टापायी जाणार होतं.

उकंडराव उठला. समोर बुद्धाची मूर्ती. बुढा दर रविवारी तिथंच सगळ्यांच्या पुढं बसून पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही हे त्यात येतं. तो मूर्तीकडं बघून घुटमळला आणि मॅडमला म्हणाला, "बाहेर ओट्यावर ये, बाई. तिथं सांगतो."

मॅडम ओट्यावर गेली. उकंडराव चप्पल घालून उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि ठणकावून म्हणाला, "मशीन माह्याच हाताले लावलं होतं. तिन्ही बार." मग आत येऊन हात जोडून बसला. त्याच्यामागं कस्तुराबाई बाहेर गेली, खोटं बोलली, आत आली. मग रांगच लागली. एक एक जण चप्पल घालून बाहेर जायचा, खोटं बोलायचा आणि चप्पल काढून आत यायचा. लालसिंग जागचा हलला नाही. म्हणाला, "माह्यं देऊळ तांड्यात हाय. मले इथंच चालते. माह्याच हाताले लावलं होतं, मॅडम." इतकं सुबक खोटं आमच्या गावानं निवडणुकीतही कधी बोललं नसेल. मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मॅडमनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. फोन हातात घेतला. "ठीक हाय. मंग दोन्ही मशीनं खोटी. तीन महिन्यांचे सगळे आकडे मी पुसून टाकते, माह्या फोनवरून पुसता येते."

दुर्गाबाईनं खांबाला टेकून सुस्कारा टाकला. सुटली ती. आणि तेव्हा तिनं दोन बोटांनी कपाळाची शीर दाबली, डोळे मिटून, आतून काहीतरी फुटत असल्यासारखी. मला मेडशीची ती चूल दिसली. ते आकडे पुसले की या जगात दुर्गाबाईचं बीपी कुठंच राहणार नव्हतं. तिचं नाव नाही, तिचं पान नाही, आणि सगळं गाव तिला वाचवायला बसलेलं. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, आणि भीती वाटली की मी ओरडते.

"पुसू नका, मॅडम. आकडे खरे हायेत. मानूस दुसरं हाय."

दुर्गाबाईनं डोळे उघडले. "रंगू, तोंड आवर."

"एकोनीस लोकाचं नाई हे. एकीचं हाय. हिचं."

मी उंबऱ्याच्या आतच होते. घरातली जाऊ भर सभेत घर फोडते, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडम पट्टा घेऊन दुर्गाबाईपुढं बसली. तर ही म्हणते, "मले काय धाड भरली? उन्हानं डोकं दुखते. घरी सैपाक पडला हाय. उद्या पाहू." तीन महिने ज्या एकोणीस सबबी तिनं ऐकल्या होत्या, त्या सगळ्या तिनं एका दमात सांगितल्या. शेवटी कस्तुराबाईनं तिचा हात धरला आणि दोन्ही मांड्यांत दाबून ठेवला. पट्टा फुगला. एकशे शहाऐंशी. दुसऱ्या हातावर एकशे अठ्ठ्याऐंशी.

"बीपी हिचं," उकंडराव सावकाश म्हणाला, "अन् लोनचं माह्यं बंद."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता कस्तुराबाई पदरानं डोळे पुसू लागली. मॅडम हसली नाही. तिनं गोळी काढून दुर्गाबाईच्या जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "आत्ताच निघा लागते. आधी रिसोड, गरज पडली तं वाशीम."

"माह्यं काम गेलं न?" दुर्गाबाईनं विचारलं.

"खोटं लिहिलं त्याचं मले वर सांगा लागन. नोटीस येईन. काय होईन ते मी आज सांगू शकत नाई." मॅडमनं तिचा हात धरून उठवलं. "पन कामावर राहाले बाई जित्ती पाहिजे."

जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसले. केनवडपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. खिडकीबाहेर बघत होती, पदर घट्ट ओढून. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही. मला वाटलं, आता हा अबोला जन्माचा. पण तसा तो चालला असता. जिवंत माणसाचा अबोला सोसता येतो.

केनवड मागं पडल्यावर ती म्हणाली, "तुले मालूम होतं."

"हो."

"आकडे चढून राह्यले हे तुले दिसत होतं. तू तं शिकली-सवरली बाई. मंग तीन महिने कायले गप बसली?"

मी पुष्कळ उत्तरं जुळवली. पुढं बसलेली मॅडमही ऐकत होती. माझ्या कामाची गडबड होती, बाईला सांगितलं तर राग येईल, एवढं असेल असं वाटलं नाही. सगळी खोटी, आणि बाहेर जाऊन सांगायला ओटाही नव्हता.

"मले मजा येऊन राह्यली होती, बाई," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. "तुमी मामाजीसारख्या खाकरत होत्या न, तं मले लय मजा येत होती."

तिनं पदर तोंडाशी नेला. मग पदराआडून म्हणाली, "मलेबी."

आणि तिनं पट्टा बांधून बांधून काळानिळा पडलेला तो हात माझ्या मांडीवर ठेवला, आणि रिसोड येईपर्यंत काढला नाही.